तांबूस रंगाची ‘फिकी’ बिअर

‘पेल’ म्हणजे फिकट, एवढं शाळेतलं इंग्रजी सगळ्यांनाच येतं. त्यामुळे इंग्लंडमधल्या पबात पहिल्यांदा पेल एल मागवणारा माणूस ग्लास पुढ्यात आला की जरा गोंधळतो. चिंचेनं घासलेल्या तांब्याच्या कळशीला जो रंग येतो, तो ग्लासात असतो. कधी त्याहून थोडा उजळ, जुन्या मधासारखा. कधी थोडा गडद. फिकं म्हणावं असं त्यात काही दिसत नाही. आपल्याकडची नेहमीची लागर याहून कितीतरी फिकी असते.

पण हे नाव पडलं तेव्हा इंग्लंडात लागर नव्हतीच. शेजारी होत्या त्या गडद तपकिरी बिअर. बिअरला रंग येतो तो मॉल्टमुळे, आणि मॉल्ट करण्याची रीत आपल्याला परकी नाही. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची आणि दळून सत्त्व करायचं, हे तान्ह्या बाळांसाठी घरोघरी होतं. बार्लीचं, म्हणजे सातूचं, तेच करतात. फरक वाळवण्यात आहे. इंग्लंडच्या हवेत भरवशाचं ऊन कुठलं? मोड आलेलं धान्य भट्टीवर वाळवावं लागे आणि खाली लाकूड किंवा पेंढा जळत असे. धान्याला धूर लागे, दाणा करपे, बिअर काळपट होई. सतराव्या शतकात डार्बीशरकडच्या लोकांनी भट्टीत दगडी कोळशापासून केलेला कोक घालायला सुरुवात केली. कोकला धूर नाही आणि त्याची आच बेताची ठेवता येते. दाणा न करपता वाळू लागला, बिअर उजळ निघाली आणि शेजारणींच्या मानानं ती ‘पेल’ ठरली.

हे ‘मानानं’ फार महत्त्वाचं आहे. इंग्लिश पेल एलची पारख करताना कुठलाच गुण सुटा मोजता येत नाही. आमटीत मीठ किती हवं, हे जसं चिंच-गुळाकडे बघूनच ठरतं, तसं इथं कडवटपणा किती हवा हे मॉल्टच्या गोडीकडे बघून ठरतं, आणि दोन्ही किती हवेत हे फळासारख्या मंद वासाकडे बघून. ज्या बिअरमध्ये एकच गोष्ट ओरडत असते तिची पारख सोपी असते. इथं कुणीच ओरडत नाही. म्हणून नवखे परीक्षक या बिअरला ‘ठीक आहे’ म्हणून पुढे सरकतात आणि जुने परीक्षक तिच्यापाशी रेंगाळतात.

या बिअरचा आपल्याशी संबंध आहे, पण तो सांगताना लोक जरा जास्तच रंगवतात. गोष्ट अशी सांगतात, की हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांपर्यंत बिअर टिकावी म्हणून कुणा हुशार माणसानं तिच्यात कडवटपणा आणणारे भरपूर हॉप्स घातले आणि इंडिया पेल एल जन्माला आली. असा कुणी एक शोधकर्ता नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या वस्तीत जॉर्ज हॉजसनची भट्टी होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथून सुटत ती गोदी तिथून जवळ. जहाजांचे कप्तान आपल्या हिश्श्याच्या जागेत विकायला माल नेत. हॉजसन त्यांना लांब मुदतीची उधारी देई, म्हणून त्याचीच पिंपं मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला उतरली. त्याच जहाजांतून पोर्टर नावाची काळी बिअरही येत होती, सैनिकांसाठी तर खूपच, आणि तीही टिकत होती. चार ते सहा महिन्यांच्या प्रवासात जहाज दोनदा विषुववृत्त ओलांडी, पिंपं हलत, तापत. भक्कम हॉप्स घातलेली हॉजसनची बिअर या हालांत मुरली आणि उतरेपर्यंत चवदार झाली. उधारी आणि हवामान यांनी मिळून घडवलेली ही बिअर.

पुढच्या काळात अशी बिअर पिणारे गोरे सैनिक नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून असत. उकाडा, कंटाळा आणि ताप यांनी डोकं फिरलेल्या माणसाला त्यांच्या बोलीत ‘दूलाली टॅप’ म्हणू लागले. दूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला साधा ‘ताप’. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या एका छोट्या ब्रूअरीनं ‘दूलाली’ हेच नाव घेतलं, तेव्हा या मराठी तापाची फेरी पूर्ण झाली.

हॉजसनचा बाजार त्याआधीच, १८२०च्या दशकात, बर्टन अपॉन ट्रेंट या गावच्या ऑलसॉप आणि बास या घराण्यांनी बळकावला. बर्टनचं भांडवल म्हणजे तिथलं पाणी. जमिनीखाली जिप्सम असल्यामुळे विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर उतरतात. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा जिभेवर लोळत न बसता स्वच्छ, कोरडा लागतो. बर्टनच्या ताज्या एलच्या पहिल्या वासात क्षणभर विझलेल्या काडीसारखा गंधक जाणवतो. त्याला तिथले लोक ‘बर्टन स्नॅच’ म्हणतात. परीक्षकाला हे ठाऊक नसेल तर तो दोष समजून गुण कापतो आणि बर्टनचा माणूस दुखावतो. जगभरचे ब्रूअर आता आपल्या पाण्यात जिप्समची पूड घालून घरबसल्या बर्टनचं पाणी करतात. बासचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमध्ये नोंदवला गेलेला पहिला ट्रेडमार्क, १ जानेवारी १८७६चा. एदुआर माने या चित्रकारानं १८८२ साली रंगवलेल्या फोली-बेर्जेरच्या बारच्या चित्रात शँपेनच्या शेजारी तोच लाल त्रिकोण दिसतो.

एक घोळ आधी निस्तरून टाकू. ब्रूअर जिला पेल एल म्हणत, तिलाच पबातली गिऱ्हाइकं ‘बिटर’ म्हणू लागली. दुसऱ्या नळाला असायची ती सौम्य ‘माइल्ड’, म्हणून ही ‘बिटर’. आज सर्वसाधारणपणे बाटलीवर पेल एल लिहितात आणि पबात बिटर मागतात. ताकदीप्रमाणे तिचे तीन थर मानतात: ऑर्डिनरी, बेस्ट आणि स्ट्राँग. ऑर्डिनरीत अल्कोहोल ३.२ ते ३.८ टक्के, बेस्टमध्ये ४.६ टक्क्यांपर्यंत, स्ट्राँगमध्ये त्यापुढे जवळजवळ ६.२. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी बिअर बहुधा यांच्या स्ट्राँगच्याही वर असते. ‘किती चढते’ हा प्रश्न घेऊन या बिअरकडे जाणाऱ्याची निराशा ठरलेली.

आता परीक्षकाच्या टेबलाशी बसू. स्पर्धेत समोर येतो तो घोट-दोन घोटांचा नमुना, साध्या पारदर्शक पेल्यात. शेजारी पाणी आणि अळणी पाव. अंगाला अत्तर नाही, दुपारी झणझणीत मिसळ नाही. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेला बीजेसीपी हा परीक्षकांना तयार करणारा उपक्रम आज घरगुती बिअरच्या स्पर्धांमध्ये फार वापरला जातो. त्याची गुणपत्रिका ५० गुणांची: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण मताला १०. रूपाला जेमतेम तीन! आपण ग्लास उजेडात धरून, फेस बघून, फोटो काढून जो वेळ घालवतो त्याची किंमत तीन गुण. आणि माणुसकी म्हणा, पण बिअर कितीही बिघडली असली तरी १३च्या खाली सहसा कुणी उतरत नाही. बनवणाऱ्यानं महिनाभर राबून ती बाटली पाठवलेली असते.

पेला आला की आधी नाक. रंग कुठे पळून जात नाही, वास पळतो. गंधकासारखे हलके वास पहिल्या मिनिटातच उडतात. म्हणून ओतल्या ओतल्या दोन-तीन छोटे हुंगे घ्यायचे, मोठा श्वास नाही. मग पेला हातात धरून थोडा गरम होऊ द्यायचा आणि पुन्हा हुंगायचं. पेल एल १२-१३ अंशांना प्यायची बिअर आहे, म्हणजे इंग्लंडातल्या तळघराइतकी थंड. ‘इंग्रज लोक कोमट बिअर पितात’ ही थट्टा यातूनच आली. फ्रिजमधून काढलेल्या चार अंशांच्या पेल एलमध्ये जे दडपलेलं असतं ते गार मटक्याच्या पाण्याच्या तापमानाला सुटं होतं. आपल्या बारमध्ये चिल्ड ग्लास आग्रहानं देतात. या बिअरपुरता तो नम्रपणे परत करावा.

वासात शोधायचं काय? आधी धान्य. भाजक्या पावाची कड, बिस्किट, थोडा सुका मेवा. इंग्रज ब्रूअर मॅरिस ऑटर या बार्लीवर जीव टाकतात. केंब्रिजच्या पीक-पैदास संस्थेत तयार झालेलं आणि १९६०च्या दशकात शेतात आलेलं हे वाण. संस्था ज्या मॅरिस लेनवर होती त्या रस्त्यावरून अर्धं नाव पडलं. या धान्याला खमंग, बिस्किटासारखी खोली असते असं मानतात. त्यामागे क्रिस्टल मॉल्टची गोडी: पाकाची, टॉफीची, कधी मनुकांची. ही गोडी काकवीसारखी घट्ट झाली तर बिअर बसून जाते.

मग हॉप्स. ही भांगेच्याच कुळातली वेल, हे वाचून लोकांचे डोळे चमकतात, पण नशेचा तो गुण तिच्यात नाही. ईस्ट केंट गोल्डिंग्ज आणि फगल ही जुनी इंग्लिश हॉप्स. पहिल्यात फुलांचा आणि किंचित मसाल्याचा सुगंध, दुसऱ्यात माती आणि ओल्या पाल्याचा. अमेरिकी हॉप्स पपनसासारखे, राळेसारखे तोंडावर येतात. इंग्लिश हॉप्स कोपऱ्यात बसून बोलतात. पेल एल म्हणून आलेल्या पेल्यातून संत्री-आंब्याचा भपकारा आला, तर बिअर कदाचित उत्तम असेल, पण ती दुसऱ्या गावची आहे. परीक्षकाची इथं खरी कसोटी लागते: आवडली म्हणून गुण द्यायचे की जी म्हणवते ती आहे का ते बघायचं? पुरणपोळीच्या स्पर्धेत कुणी अप्रतिम सांजोरी पाठवली तर काय कराल, तेच इथं करायचं.

तिसरा वास यीस्टचा. वरच्या थरात, उबेला काम करणारं एल यीस्ट साखरेचं अल्कोहोल करता करता एस्टर नावाची रसायनं सोडतं. केळ्याचा वास ज्या एस्टरचा, सफरचंदाचा ज्याचा, तेच इथं अगदी थोड्या प्रमाणात असतात. लंडनच्या चिझिकमधल्या फुलर्सच्या यीस्टला संत्र्याच्या मार्मलेडची झाक आहे, असं पिणारे सांगतात, आणि त्यांच्या ईएसबी या स्ट्राँग बिटरमध्ये ती ओळखायला सोपी आहे. पेल एलमध्ये फळ असावं, पण फळवाल्याच्या गाडीइतकं नाही. पिकलेल्या केळ्यांचा घड कोठीत असावा आणि दिवाणखान्यात पुसट जाणवावा, इतपत.

वास ओळखण्याचं अर्धं काम नाकाचं, अर्धं भाषेचं. ज्याला नाव नाही तो वास पुढच्या पेल्यापर्यंत टिकत नाही. मॉर्टेन माइलगार्ड या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात बिअरच्या चवींचं चक्र मांडलं ते याचसाठी: कोपनहेगनचा माणूस आणि मिलवॉकीचा माणूस एकाच वासाला एकच नाव देवोत. ते चक्र उपयोगी आहे, पण आपल्याकडे आधीपासून एक चक्र आहे आणि आपण ते वापरत नाही. कुबट, खवट, करपट, आंबूस, मातकट, ओशट, उग्र, खमंग. एवढे नेमके शब्द स्वयंपाकघरात शिकलेला माणूस बिअरपुढे बसला की ‘स्मूद आहे’ म्हणून मोकळा होतो, याचं मला वाईट वाटतं. कडूचं तर विचारूच नका: कडसर, कडवट, कडू, कडूजहर अशी अख्खी शिडी मराठीत आहे, तरी कुणाला शिवी द्यायची झाली की ‘कडू’ हाच शब्द सुचतो. कारलं आणि मेथी आवडीनं खाणाऱ्या, पाडव्याला कडुलिंब चघळणाऱ्या समाजानं कडवटपणाशी थोडं बरं वागायला हवं. ब्रूअर कडवटपणा मोजतात तो आयबीयू या मापानं, म्हणजे ढोबळमानानं लिटरमागे हॉप्सच्या कडू आम्लांचे किती मिलिग्रॅम. पेल एल २५ ते ५०च्या मध्ये कुठेतरी असते. आपल्या शिडीवर ‘कडवट’ची पायरी.

आता डोळ्यांचे तीन गुण पटकन देऊन टाकू. रंग फिकट अंबरपासून गडद तांब्यापर्यंत, बिअर नितळ, फेस पांढरा किंवा किंचित पिवळसर. फेस कमी असला तरी कापायचं नाही, कारण या बिअरमध्ये वायूच कमी असतो. नितळपणासाठी पिंपात आयसिंग्लास घालायची जुनी रीत आहे: माशाच्या पोटातला फुगा वाळवून, विरघळवून केलेला द्रव, जो गढूळ यीस्टला धरून तळाशी नेतो. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी घोळ माशाच्या ज्या फुग्याला भोत म्हणतात आणि सोन्यासारखा जपून विकतात, त्याच जातीची ही वस्तू. शाकाहारी मंडळींनी बाटलीवरचं लेबल वाचावं हे बरं. हल्ली आयसिंग्लासशिवाय केलेल्या बिअरही मिळतात.

मग घोट. आणि तो गिळायचा. वाइनचे परीक्षक थुंकतात, बिअरचे नाही. याचं कारण ‘जिभेच्या मागच्या भागालाच कडू कळतं’ असं सांगतात, पण तो जिभेचा नकाशा चुकीचा ठरला आहे. सगळ्या चवी जवळजवळ सगळीकडे कळतात. गिळण्याचं खरं कारण दुसरं आहे. गिळताना तोंडातला वास घशामागून नाकात चढतो आणि चवीचा मोठा हिस्सा तिथेच कळतो. शिवाय पेल एलची गोष्ट घोट गेल्यावर पूर्ण होते. आधी पावाची, पाकाची गोडी. मध्ये फळाची झुळूक. मग कडवटपणा वर येतो, गोडी पुसतो आणि हळूच निघून जातो. मागे तोंड कोरडं राहतं, तुरट नाही. कोरडं आणि तुरट यांतला फरक चहानं समजतो: चांगला चहा प्यायल्यावर तोंड स्वच्छ होतं, फार उकळलेला चहा दातांना आणि गालांच्या आतल्या बाजूला चिकटतो. बिअरमध्येही तुरटपणा तसाच येतो. धान्याच्या टरफलांवरून फार गरम पाणी गेलं की टॅनिन उतरतात.

कोरडा शेवट का हवा? कारण ही पबातली बिअर आहे. ५६८ मिलिलिटरचा एक पाइंट संपला की माणसानं नकळत दुसऱ्यासाठी उठावं, म्हणून ती घडवलेली असते. गोडी जिभेवर साचली तर अर्ध्या ग्लासात कंटाळा येतो. ‘एकूण मत’ या सदरातले दहा गुण देताना मी स्वतःला एकच विचारतो: हा नमुना संपल्यावर मी बाटलीकडे पाहिलं का?

आता दोषांकडे वळू, आणि त्यातल्या एकापाशी जरा थांबू. तो दोष म्हणजे डायअसिटिल. वास लोण्याचा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवर टाकतात त्या पिवळ्या लोण्याचा. लिटरमागे दशांश मिलिग्रॅमच्या आसपास असला तरी बऱ्याच लोकांना कळतो. यीस्ट आंबवताना एक बिनवासाचा पदार्थ बाहेर टाकतं, तो बिअरमध्ये आपोआप डायअसिटिल होतो, आणि मग तेच यीस्ट ते परत गिळून निरुपद्रवी करून टाकतं. केर काढणाराच केर करतो. यीस्टला शेवटचे काही दिवस उबेला राहू दिलं तर घर स्वच्छ होतं. घाईघाईनं बिअर थंड केली किंवा यीस्ट आधीच दमलेलं असलं, तर लोणी मागे उरतं. ब्रूअर याची एक साधी चाचणी करतात: नमुना झाकून गरम पाण्यात ठेवायचा, मग गार करून हुंगायचा. लोणी आलं तर टाकी अजून हलवायची नाही.

बहुतेक लागरमध्ये लोण्याचा वास आला की निकाल लागला. पेल एलमध्ये मात्र नियम म्हणतो: बहुधा नसावा, पण अगदी थोडा चालेल. या ‘अगदी थोडा’वर परीक्षकांची टेबलं भांडतात. इंग्लंडातल्या काही यीस्टच्या जाती पटकन तळाशी बसतात, घर पुरतं झाडायला थांबत नाहीत. त्यातून आलेला लोण्याचा पुसट स्पर्श टॉफीच्या गोडीत मिसळला की पिणाऱ्याला तो गोलसरपणा वाटतो. माझं मत विचाराल तर, लोणी ‘आहे’ असं म्हणावं लागलं की ते जास्त झालं. टॉफी म्हणताना ओठ किंचित बुळबुळीत वाटत असतील, तर त्यावर भांडण्यात अर्थ आहे. आणखी एक गोम आहे: काही माणसांना डायअसिटिल जवळजवळ कळतच नाही. असा माणूस वाईट परीक्षक नसतो, पण आपली ही आंधळी जागा त्याला ठाऊक हवी, आणि टेबलावर शेजारी दुसरं नाक हवं.

बाकीचे दोष सोपे. हिरव्या सफरचंदाचा, कच्चा वास म्हणजे बिअर लवकर काढली. उकडलेल्या कणसाचा वास म्हणजे मॉल्टचा काढा पुरता उकळला नाही, किंवा उकळताना भांडं झाकून ठेवलं. लवंग किंवा दवाखान्यातली चिकटपट्टी आठवली तर रानटी यीस्ट शिरलं. आंबूसपणाचा स्वभाव बघायचा: दह्याचा की व्हिनेगरचा. व्हिनेगर असेल तर हवा आणि जिवाणू दोघेही पोचलेत.

महाराष्ट्रात बसून परदेशी पेल एल चाखणाऱ्याला दोन दोष जास्त भेटतात. पहिला म्हातारपणाचा. बाटलीत शिरलेला थोडासा प्राणवायू आणि उष्णता मिळून हॉप्सचा सुगंध आधी खातात, मग ओल्या पुठ्ठ्याचा वास आणतात. पावसाळ्यात माळ्यावरची जुनी वह्यांची पेटी उघडल्यावर जो येतो, त्याच्या जवळचा. गडद एलमध्ये तो पुष्कळदा शिळ्या मधाच्या, वाइनच्या गोडीमागे लपतो आणि लोक त्याला ‘मुरलेली’ म्हणून वाखाणतात. तापलेल्या कंटेनरमध्ये आणि गोदामात महिने काढलेल्या बाटलीवरून लंडनच्या ब्रूअरला गुण देणं अन्यायाचं आहे. म्हणून चाखण्याआधी तळाशी किंवा लेबलाच्या कडेला छापलेली तारीख वाचायची.

दुसरा दोष उन्हाचा. हॉप्सच्या कडू रेणूंवर प्रकाश पडला की बिअरमधल्या रायबोफ्लेविनच्या मध्यस्थीनं ते तुटतात आणि गंधकाला चिकटून एक भयंकर दुर्गंधी रेणू तयार होतो. इंग्रजीत त्याला स्कंक या प्राण्याचं नाव आहे. आपण तो प्राणी पाहिलेला नाही, तेव्हा जळकं रबर आणि लसूण मनात एकत्र आणा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. तपकिरी काच बरंच वाचवते. हिरवी आणि पारदर्शक काच जवळजवळ काहीच वाचवत नाही. तरीही इंग्लंडातले काही ब्रूअर हट्टानं पारदर्शक बाटल्या वापरतात, कारण तो तांब्याचा रंग दुकानात दिसला पाहिजे. तीन गुणांच्या रूपासाठी बाराचा वास पणाला!

पबातल्या पिंपाची पारख मात्र वेगळी. कास्क एल पबात येते तेव्हा ती पूर्ण झालेलीच नसते. पिंपातलं यीस्ट अजून काम करत असतं. तळघरवाला लाकडी खुंटीनं वायू किती सोडायचा ते ठरवतो, बिअर नितळ व्हायची वाट पाहतो, मग तोटी ठोकतो आणि हातपंपानं वर खेचतो. तोटी लागली की खेचलेल्या बिअरच्या जागी हवा आत येते, आणि साधारण तीन दिवसांत पिंप संपवावं लागतं. नऊ गॅलनचं, सुमारे ४१ लिटरचं फर्किन दोन दिवसांत संपलं तर बिअर हसते. गिऱ्हाईक नसलेल्या पबात पाचव्या दिवशी तीच आंबते. तेव्हा इथं परीक्षा ब्रूअरची नाही, तळघराची. १९७१ साली स्थापन झालेल्या कॅम्रा या पिणाऱ्यांच्या संघटनेचे सभासद पबात शून्य ते पाच गुण देतात ते याचसाठी. ४.३ टक्क्यांची टिमथी टेलर लँडलॉर्ड, जिनं कॅम्राची ‘चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन’ स्पर्धा चारदा जिंकली, तीसुद्धा एखाद्या आळशी तळघरातून दोन गुणांची होऊन वर येते. जाणकार पाच गुण फार क्वचित देतात.

शेवटी स्वतःच्या नाकाची परीक्षा. लेबल दिसलं की आपण लेबल पितो. कार्ल्सबर्गच्या कोपनहेगनमधल्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात यावर एक चाचणी वापरात आली: तीन पेले, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा कुठला ते सांगा. नुसत्या अंदाजानंही तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणून एकट्याच्या उत्तराला किंमत नाही. नऊ जण जमवा. तिघांनी ओळखलं तर ते नशीब, पाच जणांनी ओळखलं तरी शंका, सहा जणांनी ओळखलं तर फरक खरा असण्याची शक्यता चांगली.

घरी हे सहज करता येतं. हिरव्या काचेतल्या एकाच बिअरच्या दोन बाटल्या घ्या. एक अंधारात ठेवा, दुसरी चैत्रातल्या दुपारी अर्धा तास गच्चीवर. मग दोन्ही एकत्र गार करा, आतल्या खोलीत कुणालातरी ओतायला बसवा आणि कुठला पेला कुठल्या बाटलीचा हे त्याला चिठ्ठीवर लिहून उशीखाली ठेवायला सांगा. पहिल्या हुंग्यालाच कुणीतरी ‘हे काय जळतंय?’ म्हणेल.